सिग्नल पडला, उठा

रेल्वेचा सिग्नल प्रवाशासाठी नसतोच मुळी. सिग्नल केबिनमधल्या माणसानं इंजिनातल्या माणसाला धाडलेला तो निरोप, आपला त्यात काडीचा संबंध नाही. पण निरोप द्यायची तऱ्हा अशी, की उंच खांबाच्या टोकाला चार-पाच फुटांचा लालभडक हात बसवायचा आणि तो सगळ्या गावादेखत हलवायचा. मग प्लॅटफॉर्मवरचे उतारू, पुलावरची पोरं, रुळालगतच्या शेतातला माणूस, सगळेच तो वाचणार. ब्रिटनमध्ये पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ लोक रेल्वेचं हे खासगी बोलणं बिनदिक्कत ऐकत आले. आता ते ऐकू येईनासं होत चाललंय.

श्रूजबरीला अजून ही सोय आहे. इंग्लंड-वेल्स सीमेजवळचं हे स्टेशन मोठं चमत्कारिक. डोक्यावर किल्ला, शेजारी जुना तुरुंग, आणि प्लॅटफॉर्म पुरले नाहीत म्हणून ते पुढे सेव्हर्न नदीच्या पुलावर नेलेले. प्लॅटफॉर्मच्या टोकाला गेलं की समोर रूळ फाटतात आणि त्या बेचक्यात एक केबिन उभी दिसते. खाली विटांचं बांधकाम, वर सगळी काच. 1903 साली बांधली, आत 180 लिव्हर. माणसाच्या हातानं तारा ओढून चालणारी एवढी मोठी केबिन आज जगात दुसरी उरलेली नाही. बरेचसे लिव्हर आता बिनकामाचे झालेत आणि पांढरे रंगवून ठेवलेत, पण बाकीचे रोज राबतात.

गाडीची वेळ झाली की मी तिथे जाऊन उभा राहतो. आधी रुळाकडेची तार थरथरते. छोट्या छोट्या कप्प्यांवरून ती सरकते, गवतात कुठेतरी ‘कर्र’ वाजतं, आणि क्षणभरानं लांबच्या खांबावरचा हात हिसका बसल्यासारखा हलतो, किंचित लटपटतो आणि स्थिर होतो. कुणीतरी जोर लावलाय हे दिसतं. लिव्हर ओढणारा गडी नवखा की मुरलेला, हेही म्हणे जाणकारांना हाताच्या हालचालीवरून कळतं. मला एवढंच कळतं की गाडी येतेय. मी बॅग उचलतो. भोंग्यातून घोषणा नंतर होते.

ही सवय अर्थातच इथली नाही, मिरज लाइनवरच्या आमच्या लहान स्टेशनातली. तिथे घोषणा वगैरे भानगड नव्हती. बाकावर पथारी पसरलेल्या मंडळींमधून एखादी आजी उठून आउटरकडे हात आडवा धरून बघायची आणि म्हणायची, “सिग्नल पडला, उठा रे.” की लगेच गाठोडी डोक्यावर, पोरं काखेत. वेळापत्रकावर कुणाचाच विश्वास नव्हता, सिग्नलवर सगळ्यांचा होता. ही विद्या मी हजारो मैलांवर आणली आणि ती इथे जशीच्या तशी चालली, कारण मुळात ती इथूनच तिकडे गेलेली.

1840च्या दशकाच्या सुरुवातीला चार्ल्स हटन ग्रेगरी नावाच्या इंजिनिअरनं लंडनच्या न्यू क्रॉस भागात पहिल्यांदा असा हात रेल्वेवर उभा केला. कल्पना उसनी होती. फ्रान्समध्ये शाप्प बंधूंनी टेकड्याटेकड्यांवर लाकडी हात उभारून क्रांतीच्या काळात सरकारी निरोप पॅरिसला पोचवले होते. रेल्वेनं ती भली मोठी भाषा छाटून तिचे दोन-तीन शब्दच ठेवले. थांब. सांभाळून. जा.

एवढ्याशा भाषेत काय काय पेच असावेत! हात खाली पडला म्हणजे ‘जा’, ही आपल्याकडची आणि इथल्या जुन्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेची रीत. पण तार तुटली, तर हात आपसूक ‘थांब’वर आला पाहिजे, आणि पडणाऱ्या हाताला वर आणायला मागे चांगलं वजन लागतं. म्हणून 1920च्या दशकात बाकीच्या कंपन्यांनी उलटं केलं: हात वर गेला की ‘जा’. तार तुटो, काही होवो, हात स्वतःच्याच वजनानं आडवा येतो. पटण्यासारखी गोष्ट. ग्रेट वेस्टर्नला मात्र ती कधीच पटली नाही. 1948 साली सगळ्या कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, कंपनी गेली, तरी तिच्या मुलुखात हात खालीच पडत राहिले. मला गुरुत्वाकर्षणाची बाजू मान्य आहे, पण मन ग्रेट वेस्टर्नकडे. हात पडला की उठायचं, हे अंगात मुरलंय. वर गेलेला हात बघून मी अजूनही बसूनच राहतो.

रात्रीचा कारभार कंदिलावर चालायचा. खांबावर हाताच्या मागे रॉकेलचा दिवा आणि हाताला जोडलेल्या चष्म्यात दोन रंगीत काचा. त्यातली ‘हिरवी’ काच उतरवून हातात घेतली तर निळसर दिसते. रॉकेलची ज्योत पिवळी, पिवळ्यातून निळं पाहिलं की हिरवं. हा हिशेब ज्यानं कुणी मांडला त्याला माझा दंडवत. दिव्यात तेल भरायला बत्तीवाला शिडीनं वर चढायचा. आठ दिवस जळणारे दिवे निघाल्यावर त्याच्या खेपा घटल्या, पण गोठलेल्या लोखंडी शिड्या त्याच राहिल्या. सिग्नल जाताहेत म्हणून हळहळणाऱ्यांत मला अजून एकही जुना बत्तीवाला भेटलेला नाही.

केबिनीच्या आत मात्र खरोखर लोभ सुटावा असं जग. लिव्हरच्या रांगेत थांबण्याच्या सिग्नलचे लाल, पुढचा सिग्नल काय आहे ते आधीच सांगणाऱ्या डिस्टंटचे पिवळे, रूळ बदलणाऱ्या सांध्यांचे काळे, सांधा जागच्या जागी कुलूपबंद करणारे निळे. त्यांच्या पोलादी मुठी चकचकीत, कारण केबिनमन त्यांना उघड्या हातानं शिवत नाही. घामानं गंज चढतो, म्हणून नेहमी फडकं घेऊनच ओढायचं. आणि शेजारच्या केबिनीशी बोलणं घंटेच्या ठोक्यांनी. एक ठोका म्हणजे ‘आहेस का?’ चार ठोके म्हणजे ‘जलद गाडी पाठवू का?’ दोन म्हणजे ‘निघाली तुझ्याकडे’. सहा ठोके कुणालाच ऐकायचे नसत. पुढे मार्गावर अडथळा आहे, काहीही सोडू नकोस, असा त्यांचा अर्थ.

या भाषेला ऐकणारे पुष्कळ होते, म्हणून ती चुकत नव्हती असं मात्र नाही. 21 जानेवारी 1876 ला इंग्लंडातल्या अ‍ॅबट्स रिप्टनला बर्फाचं वादळ होतं. त्या काळच्या सिग्नलचा हात खांबातल्या खाचेत दडायचा. दडला म्हणजे ‘जा’. खाचेत बर्फ भरून गोठलं. केबिनमननं लिव्हर ‘थांब’वर टाकला, पण बाहेर हात हललाच नाही. कोळशाची गाडी थांबवायची होती ती पुढे आली, मागून स्कॉटलंडची एक्सप्रेस तिच्यावर आदळली, आणि त्या ढिगाऱ्यात समोरून दुसरी एक्सप्रेस घुसली. केबिनीतला माणूस आत एक समजत होता, खांब बाहेर भलतंच सांगत होता. तोवर सिग्नल एरवी ‘जा’वर ठेवून गरज पडेल तेव्हाच ‘थांब’ करायची पद्धत होती. त्यानंतर ती उलटी झाली. मुळात थांब, आणि परवानगी असेल तरच जा.

दुसरी चूक बर्फाची नव्हती, विसरण्याची होती. गाडी सिग्नलला खोळंबली तर फायरमननं उतरून केबिनीत जायचं, आपण उभे आहोत याची आठवण करून द्यायची आणि वहीत सही करायची, असा पंचावन्न नंबरचा नियमच होता. केबिनमननं त्या लिव्हरवर लोखंडी कडं अडकवायचं, म्हणजे चुकून ओढला जायला नको. 22 मे 1915 ला स्कॉटलंडच्या सीमेवर क्विंटिन्सहिलला केबिनीसमोरच लोकल उभी होती. कामावर रुजू होणारा केबिनमन त्याच गाडीतून उतरून आला होता. फायरमननं सहीही केली. कडं कुणी अडकवलं नाही. सैनिकांनी भरलेल्या गाडीला सिग्नल दिला गेला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. ब्रिटनच्या रेल्वेतला याहून मोठा अपघात नाही. डोळ्यांसमोरची गाडी विसरणारा माणूस यंत्रणेत असावा का, असा प्रश्न पुढच्या इंजिनिअरांना पडला असेल, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

तेव्हा हात जाताहेत ते उगीच नाही. दर चार-पाच मैलांवर एक केबिन, तीन पाळ्यांची माणसं, उन्हाळ्यात लांबणाऱ्या आणि थंडीत आखडणाऱ्या तारा. ब्रिटनचे रूळ सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलनं सुमारे 800 केबिनींचं काम डझनभर केंद्रांत नेण्याचा बेत आखला आणि त्याप्रमाणे एकेक शाखा कोरी होत चाललीय. ब्लॅकपूल नॉर्थचे हात विजेच्या गाड्यांसाठी 2017 च्या नोव्हेंबरात उतरले. नॉरिचहून यारमथ आणि लोस्टॉफ्टकडे जाणाऱ्या, पाणथळ रानातल्या लाइनीवरचे 2020 च्या फेब्रुवारीत गेले. स्कारबरोची अनेक हातांची अख्खी कमान 2010 मध्ये उचलून ग्रॉझमंटच्या हौशी रेल्वेवर नेऊन उभी केली, आणि ती तिथे वाफेच्या गाड्यांना खरोखर सिग्नल देते. जतन असं असावं. नाहीतर आमच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांनी लिलावात घेतलेला डिस्टंटचा पिवळा, शेपटीला खाच असलेला हात परसातल्या भिंतीला ठोकलाय. वर गुलाबाचा वेल चढवलाय. पत्नीबाईंना विचाराल तर तो हात नेहमीच ‘सांभाळून’वर असतो, आणि घरात तेच योग्य आहे.

हातांच्या जागी येणारे रंगीत दिवे मला खुपत नाहीत. ते अंधारात लांबून दिसतात, धुक्यातही दिसतात. निरोप चारचौघांत देण्याची रीत त्यांनीही पाळलीय. खुपतं ते त्याच्या पुढचं. श्रूजबरीहूनच पश्चिमेला वेल्सच्या किनाऱ्याकडे जी कॅम्ब्रियन लाइन जाते, तिच्यावर 2011 पासून सिग्नलच नाहीत. हात नाहीत आणि दिवेही नाहीत. मखंथलेथच्या केंद्रातून रेडिओनं निरोप निघतो तो थेट ड्रायव्हरच्या समोरच्या पडद्यावर. मधल्या कुणाला काही कळायचं कारण नाही.

याच लाइनीवर 20 ऑक्टोबर 2017 च्या सकाळी एका ड्रायव्हरच्या लक्षात आलं, की रोज एका ठिकाणी वेग कमी करायला सांगणारा पडदा आज गप्प आहे. रात्री संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला होता आणि वेगमर्यादांची माहिती त्यात चढलीच नव्हती. केंद्रातला पडदा मात्र सगळं ठीक असल्याचं दाखवत होता. ताशी 30 किलोमीटरची मर्यादा असलेल्या फाटकाकडे गाड्या 80 च्या आसपास वेगानं गेल्या होत्या. सुदैवानं कुणाला खरचटलंही नाही. केबिनीत एक आणि बाहेर भलतंच, हा अ‍ॅबट्स रिप्टनचाच प्रकार, फक्त बर्फ नव्हतं. फरक एवढाच की खाचेत अडकलेला हात निदान बघणाऱ्याला दिसला तरी असता. इथे बघायला बाहेर काही नव्हतंच. ड्रायव्हरला रोजचा रस्ता पाठ होता म्हणून निभावलं.

प्रवाशाचं म्हणाल तर त्याच्या खिशात फोन आहे. गाडी कुठे आहे, किती उशिरा आहे, कुठल्या प्लॅटफॉर्मवर येणार, सगळं त्यात येतं. हाताला हे कधीच सांगता आलं नसतं. पण फोनवरचं मला मुद्दाम सांगितलेलं असतं, रंगसफेदी करून. ‘परिचालनातील अडचणीमुळे’ असं काहीतरी. हात मला काहीच सांगत नव्हता, तो ड्रायव्हरशी बोलत होता, आणि ड्रायव्हरशी खोटं बोलून रेल्वेचं चालत नाही. म्हणून फोन ‘वेळेवर’ म्हणत असला आणि हात आडवाच असला, तर मी खुशाल दुसरा चहा घेतो.

कधी इकडे आलात आणि हे पाहायचं असलं तर फार लांबणीवर टाकू नका. सेटल ते कार्लाइल लाइनीवर अजून हात आहेत, पण सोय श्रूजबरीची. प्लॅटफॉर्मच्या केबिनीकडच्या टोकाला उभे राहा. नदीवरचा वारा झोंबतो, कानटोपी हवीच. मग अ‍ॅबेरिस्टविथची गाडी पकडा आणि पहिली काही मिनिटं फोन खिशात ठेवा. केबिन मागे पडते, सटन ब्रिज जंक्शन येतं, आणि तिथे हात संपतात. त्यापुढे वेल्सपर्यंत खिडकीतून मेंढ्या बघा, त्याही चांगल्या आहेत.