वऱ्हाडाने काय बघावं

भाच्याचा निरोप दुपारी आला. 'मावशी, तू स्पेनमधलं कोर्दोबा बघितलंयस. वऱ्हाडासाठी एक यादी करून दे ना, कुठे काय बघायचं त्याची.' लग्न मे महिन्यात, मुलगी तिथलीच. आपल्याकडचं वऱ्हाड पुण्या-साताऱ्याचं, त्यातले निम्मे गुडघ्यांना पट्टे बांधून हिंडणारे.

यादीला काय लागतंय! मेस्कीता ही जुनी मशीद, ग्वादलकिवीर नदीवरचा रोमन पूल, ज्यूंची जुनी आळी, बागेत कोलंबस आणि राजाराणीचे पुतळे उभे असलेला अल्कासरचा किल्ला. झाली यादी. पण वऱ्हाडी माणूस हा पर्यटक नसतोच मुळी. त्याचा दिवस साडीच्या पिना, इस्त्री आणि 'बस नक्की कितीला निघणार' यातच संपतो. त्यातून तिकडची लग्नं बहुधा संध्याकाळची, जेवणाची पानं रात्री दहाच्या सुमारास आणि नाच पार पहाटेपर्यंत. म्हणजे दुसऱ्या दिवसाची सकाळ हिशेबात धरायचीच नाही. दुपारी निम्मी दुकानं बंद. उरतो तो लग्नाआधीचा मोकळा तुकडा, आणि त्यात काकूंना फक्त बसायचं असतं.

तर बसावं. मे महिन्यात कोर्दोबात अंगणांची स्पर्धा असते, 1921 पासूनची. लोक घराचं दार उघडं टाकतात आणि कुणीही आत जाऊन बघावं. पांढऱ्याफेक भिंती, त्यांवर छातीपासून पार छपरापर्यंत टांगलेल्या कुंड्या, बऱ्याचशा निळ्या, आणि त्यांत लालभडक जिरेनियम. एवढ्या उंचीवर पाणी कसं घालतात? लांब वेताच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधलेला असतो. मी पाहिलं तेव्हा एक आजी तो डबा हौदात बुडवून, वर नेऊन, मनगटाच्या एका झटक्यात कुंडीत रिकामा करत होत्या. खाली उभ्या असलेल्या आमच्यावर थेंब नाही. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरून तुळशीला घातलेलं पाणी थेट माझ्या वाळवणावर येतं, ते सोडा.

खाण्याची काळजी नको. तळलेल्या वांग्याच्या कापांवर चक्क उसाची काकवी घालून देतात. सालमोरेहो म्हणजे टोमॅटो-पावाचं थंडगार, दाट सूप. फक्त वरून अंडं आणि हॅम भुरभुरतात, ते नको म्हणून आधीच सांगायचं. हे मात्र यादीत ठळक अक्षरात.

लहानपणी आम्ही लग्नाला म्हणून वाईला गेलो होतो. मुहूर्त बाराच्या पुढचा, मांडवात पोरांची कटकट. तेव्हा आप्पाकाका 'इतकं आलोच आहोत तर' म्हणत आम्हा सगळ्यांना मेणवलीला घेऊन गेले. नाना फडणवीसांचा वाडा आम्ही पळतपळत बघितला, त्यातलं काही आठवत नाही. आठवते ती घाटावरची घंटा. देवळातल्या घंटेसारखी नव्हेच, एवढी मोठी. 'चिमाजीअप्पांनी वसई घेतली ना, 1739 साली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधून आणलीय,' काका म्हणाले. मी तिला हात लावला. इतक्या उन्हातही गार होती. मग सगळे धावत सुटलो, मांडवात पोचलो तेव्हा मंगलाष्टकं संपत आली होती आणि मुठीत अक्षता कोंबायला आई दारातच उभी. (तांदूळ तिकडेही टाकतात म्हणे, जोडपं चर्चबाहेर आलं की. आमच्या काकू अगदी तयारीनिशी जातील.)

मेस्कीतात शिरल्यावर मला ती घंटा आठवली. तिथे लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानींखाली साडेआठशेच्या वर खांब आहेत. 785 च्या सुमारास सुरू झालेली मशीद, पुढे पिढ्यानपिढ्या वाढवलेली. मधोमध मात्र सोळाव्या शतकातलं कॅथीड्रल वर घुसलंय, खांबांच्या सावलीतून चालताचालता अचानक उजेड आणि सोनं. पण मी शोधत होते ते तिथे आता नसलेलं काहीतरी. 997 साली कोर्दोबाचा मुसलमान सेनापती अल्‌मन्सूर याने उत्तरेकडच्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्रावर स्वारी केली आणि तिथल्या चर्चच्या घंटा लुटून इथे आणल्या. ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून आणल्या आणि मशिदीत त्यांचे दिवे केले, असं जुन्या बखरी सांगतात. पुढे 1236 मध्ये ख्रिस्ती राजा तिसऱ्या फर्नांदोने कोर्दोबा घेतलं आणि त्याच घंटा सांतियागोला परत धाडल्या. या खेपेला खांदे मुसलमान कैद्यांचे.

वऱ्हाडाला हे सांगू नये. लग्नघरात कशाला कैद्यांच्या गोष्टी!

मेणवलीची घंटा अजून तिथेच आहे. ती वसईला परत द्या, असं कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. उद्या कुणी म्हणालंच, तर मी कुठल्या बाजूने बोलेन, हे मला खरंच सांगता येत नाही.