तुम्ही विचारलंत म्हणून: न्यूपोर्टचा ‘लाइव्ह’ अल्बम कितपत लाइव्ह असतो?

जॅझ नुकतंच ऐकायला लागलेले लोक हमखास विचारतात, की महोत्सवातले लाइव्ह अल्बम त्या रात्री मंचावर वाजलं तसेच असतात का, आणि घ्यायचाच झाला तर कुठला घ्यावा. थोडक्यात उत्तर असं: काही तसेच असतात, काही अर्धेमुर्धे असतात, आणि त्यातला सगळ्यात गाजलेला अल्बम चाळीसहून जास्त वर्षं बऱ्याच अंशी स्टुडिओत वाजवलेला होता.

हा अल्बम म्हणजे पियानोवादक आणि बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनचा ‘एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट’. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट गावी १९५४ साली जॉर्ज वीननं जॅझ महोत्सव सुरू केला. ७ जुलै १९५६ च्या शनिवारी रात्री फ्रीबॉडी पार्कच्या उघड्या मैदानात एलिंग्टनचा बँड वाजवायला उभा राहिला, तेव्हा त्याचे दिवस फारसे बरे नव्हते. त्यानं १९३७ मधले आपलेच दोन जुने ब्लूज काढले, ‘डिमिन्युएंडो इन ब्लू’ आणि ‘क्रेसेंडो इन ब्लू’, आणि दोन्हींच्या मधली जागा टेनर सॅक्सोफोनवाल्या पॉल गोन्साल्विसला मोकळी सोडली. गोन्साल्विसनं सलग २७ आवर्तनं वाजवली. बारा बारची (बार म्हणजे तालाचा छोटा खंड) चौकट धरली तर ३२४ बार, म्हणजे सहा मिनिटांहून जास्त एकट्याचं वादन, सोलो. लोक खुर्च्यांवरून उठले, नाचायला लागले. पुढच्याच महिन्यात ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एलिंग्टन झळकला.

आता घोळ कुठे झाला ते पाहा. मंचावर दोन वेगवेगळ्या संस्थांचे मायक्रोफोन होते: अल्बमसाठी कोलंबिया कंपनीचे आणि रेडिओसाठी व्हॉइस ऑफ अमेरिकाचा. गोन्साल्विस पुढे आला आणि नेमका रेडिओच्या मायक्रोफोनसमोर उभा राहून वाजवू लागला. परिणामी कोलंबियाच्या टेपवर ड्रम, बेस आणि लोकांचा आरडाओरडा ठणठणीत, आणि ज्याच्यासाठी तो आरडाओरडा चाललाय तो सॅक्सोफोन मात्र लांबून ऐकू येतोय. त्यात एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्न यांनी महोत्सवासाठी लिहिलेली नवी ‘फेस्टिव्हल सुइट’ ही अनेक भागांची रचना बँडच्या हातात पुरती बसलेली नव्हती. निर्माता जॉर्ज अवाकियाननं सोमवारी, ९ जुलैला, सगळ्यांना न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बोलावलं, बरंचसं पुन्हा वाजवून घेतलं आणि त्यावर टाळ्या चढवल्या. बँडमधला सॅक्सोफोनवाला जॉनी हॉजेस याचं ‘जीप्स ब्लूज’ हे त्यातलंच. जमावाला शांत करण्यासाठी ते त्या रात्री मंचावर वाजलं होतं खरं, पण तबकडीवर गेलं ते स्टुडिओतलं. सोलोचा तो गाजलेला तुकडा मात्र मंचावरचाच ठेवला, अंधुक आवाजासकट.

सुइट पुन्हा वाजवून घेण्यात काही गैर होतं असं आम्हाला वाटत नाही. कच्चं वाजलेलं छापण्यापेक्षा नीट वाजवलेलं बरं. उसन्या टाळ्या लावून ते मैदानातलं म्हणून विकणं, हे मात्र पटत नाही.

पुढे रेडिओची टेप अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली. फिल शाप या अभ्यासकानं ती आणि कोलंबियाची टेप शेजारी ठेवून १९९९ मध्ये दोन सीडींचा ‘कम्प्लीट’ संच काढला. दोन्ही टेपा मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या, पण एकाच क्षणी दोन जागांवरून घेतलेल्या; म्हणून एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या बाजूला ठेवली की स्टीरिओ मिळतो. वाचायला सोपं वाटतं, करायला महाकठीण. दोन टेप रेकॉर्डर कधीच तंतोतंत एका वेगानं फिरत नाहीत. वेगात एक दशांश टक्क्याचा फरक असला, तरी साडेचौदा मिनिटांच्या तुकड्याच्या शेवटी दोन्ही टेपांत जवळजवळ नऊ दशांश सेकंदाचं अंतर पडतं. आणि कानाला तर ३० मिलिसेकंदांच्या पुढचा फरक वेगळा प्रतिध्वनी म्हणून कळायला लागतो. त्याहून कमी फरकात प्रतिध्वनी येत नाही, पण आवाज एका बाजूला कलतो. आणि दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनोत ऐकलं तर काही स्वर पोकळ होतात. म्हणजे सुरुवात जुळवून भागत नाही, वाटेत पुन्हा पुन्हा जुळवत जावं लागतं. हे जमलं म्हणून गोन्साल्विस त्रेचाळीस वर्षांनी एकदाचा मायक्रोफोनजवळ आला.

कव्हरवर काही लिहिलं नसेल तर खरंखोटं कानानं कसं ओळखायचं? हेडफोन लावा आणि टाळ्या ऐका. जॅझमध्ये दाद तुकडा संपेपर्यंत थांबत नाही. एकाचा सोलो संपला की टाळ्या सुरू होतात आणि त्या चालू असतानाच पुढचा वादक शिरतो, त्याचे पहिले दोन-चार बार टाळ्यांखाली दबतात. सवाईच्या रेकॉर्डिंगमध्ये तानेच्या मध्येच ‘क्या बात है’ ऐकायची सवय असलेल्या कानाला हे पटकन कळतं. चिकटवलेली दाद मात्र शहाण्यासारखी शेवटच्या स्वरापर्यंत थांबते, मग हळूच वर येते. दुसरी खूण हळू जागांची. पियानो एकटा वाजत असताना मागे खोकला, कुजबुज, बाटलीचा आवाज असं काहीतरी असतंच. संगीत सुरू झाल्याबरोबर हजारो माणसं एकदम गप्प झाली, की समजा ती त्या जागी नव्हतीच.

तिसरी खूण घुमाऱ्याची. उघड्या मैदानात आवाज पसरतो आणि विरतो. परत आलाच तर लांबच्या ध्वनिवर्धकाचा एखादा तुटक प्रतिध्वनी येतो. मैदानातल्या रेकॉर्डिंगवर ट्रम्पेटच्या मागे दोन सेकंदांचा रेशमी घुमारा ऐकू आला, तर तो नंतर घातलेला आहे. घुमारा नंतर घातला म्हणजे वादनही स्टुडिओतलं, असं मात्र नाही. पुष्कळ अस्सल रेकॉर्डिंगांना असा मुलामा दिलेला असतो. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका. कापाकापी ऐकायची असेल तर झांजेवर लक्ष ठेवा. तिचा नाद बराच वेळ रेंगाळतो, आणि टेप जिथे कापून जोडली असेल तिथे तो मध्येच तुटतो.

महोत्सवातलं रेकॉर्डिंग क्लबपेक्षा अवघड का, हेही सांगायला हवं. क्लबमध्ये एकच बँड आठवडाभर वाजवतो आणि मायक्रोफोन जागचे हलत नाहीत. महोत्सवात एक बँड उतरून दुसरा चढायला वीस-तीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात ड्रम बदलायचे, तारा लावायच्या, प्रत्येक वाहिनीवर आवाज येतो की नाही एवढंच तपासायचं. नीट साउंड चेक होतच नाही. त्यामुळे पहिला तुकडा वाजत असताना रेकॉर्डिंगवाला पातळ्या शोधत असतो, आणि पुष्कळ अल्बमांतून तो पहिला तुकडा गायब असतो. हल्ली मंचावरची प्रत्येक तार तीन वाटांनी फोडतात: एक लोकांसाठीच्या मिक्सरकडे, एक वादकांच्या मॉनिटरकडे, एक रेकॉर्डिंगच्या गाडीकडे. या वाटेत ट्रान्सफॉर्मर नसला तर अर्थिंगचा घोटाळा होऊन गुरगुर शिरते, युरोपात ५० हर्ट्झची आणि अमेरिकेत ६० हर्ट्झची, शिवाय तिच्या पटीतले स्वर. कंडेन्सर मायक्रोफोनला लागणारे ४८ व्होल्ट तिघांपैकी एकानंच द्यायचे असतात. ते कुणी द्यायचे हे आधी ठरलं नाही, तर ऐन वेळी पियानो मुका.

वारा हा मैदानातला कायमचा शत्रू. न्यूपोर्ट महोत्सव १९८१ पासून बंदराकाठच्या फोर्ट ॲडम्सवर भरतो आणि तिथे खाडीचा वारा थेट मंचावर येतो. मायक्रोफोनला फोमची टोपी घालायची आणि ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापायचं, हा नेहमीचा इलाज. पण डबल बेसचा सगळ्यात खालचा स्वर ४१ हर्ट्झचा. तो फिल्टर सगळ्यांवर सरसकट लावला की बेस पातळ होतो. मैदानातल्या बऱ्याच अल्बमांत बेस ऐकू येतो पण अंगावर येत नाही, त्याचं एक कारण हे.

प्रेक्षकांचे मायक्रोफोन वेगळे लावतात, आणि आवाज मीटरला साधारण ३ मिलिसेकंद घेतो. मंचापासून वीस मीटरवरचा मायक्रोफोन बँडला ६० मिलिसेकंद उशिरा ऐकतो. ती वाहिनी मिश्रणात तशीच मिसळली तर ड्रम दोनदा वाजल्यासारखे वाटतात, म्हणून ती तेवढीच आधी सरकवून जुळवावी लागते.

जुन्या काळी लांबीची अडचण वेगळीच. सेकंदाला १५ इंच वेगानं २५०० फुटांचं रीळ ३३ मिनिटांत संपतं. रंगात आलेला बँड रीळ बदलायला थांबत नाही, म्हणून दोन यंत्रं आलटून पालटून चालवायची. पुढे एलपीच्या, म्हणजे लाँग-प्ले तबकडीच्या, एका बाजूवर वीस-बावीस मिनिटंच नीट मावतात. म्हणून जुन्या तबकड्यांवर सोलो कापलेले आणि क्रम बदललेला सापडतो. कार्यक्रमाचा शेवट पहिल्या बाजूला आला म्हणून गोंधळून जाऊ नका.

कव्हरही जपून वाचा. ‘माइल्स अँड मंक ॲट न्यूपोर्ट’ हे नाव वाचून ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस आणि पियानोवाला थेलोनियस मंक एकत्र वाजवताना ऐकायला मिळतील असं वाटतं. प्रत्यक्षात एका बाजूला माइल्सचा १९५८ चा कार्यक्रम आहे आणि दुसऱ्या बाजूला मंकचा १९६३ चा. एला फिट्झजेराल्ड आणि बिली हॉलिडे यांच्या १९५७ च्या न्यूपोर्ट अल्बमातही दोघींचं एकत्र गाणं नाही; दोघी वेगवेगळ्या दिवशी गायल्या. दोन्ही रेकॉर्डिंगं अस्सल आहेत, फक्त नाव चलाख आहे. माइल्सच्या १९५५ ते १९७५ च्या न्यूपोर्ट संचात तर युरोपातले कार्यक्रमही आहेत, कारण तोवर महोत्सवाचं नाव गावाबाहेर फिरायला लागलं होतं.

न्यूपोर्टपलीकडे स्वित्झर्लंडच्या माँत्रो महोत्सवाचा अनुभव जास्त भरवशाचा, कारण तिथे सुरुवातीपासून बंदिस्त सभागृह होतं आणि महोत्सव चालवणाऱ्या क्लॉड नोब्सला सगळं टिपून ठेवायचा ध्यास होता. पियानोवादक बिल एव्हान्सचा तिथला १५ जून १९६८ चा अल्बम ऐका. एडी गोमेझचा बेस मैदानात असा कधीच मिळाला नसता. लेस मॅकॅन आणि एडी हॅरिस यांचा १९६९ चा ‘स्विस मूव्हमेंट’ फारशा तालमीविना वाजलेला आहे, आणि त्यातली मजा बरीचशी त्यामुळेच आहे. फ्रान्समधल्या आँतीब-ज्वां-ले-पँ महोत्सवाचं वैशिष्ट्य असं, की तिथलं पुष्कळसं रेडिओनं टिपलं. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेननं २६ जुलै १९६५ ला तिथे वाजवलेलं ‘अ लव्ह सुप्रीम’ आपल्यापर्यंत आलं ते त्यामुळे. तिथेच १९६४ मध्ये झाडांवरचे किडे इतके किरकिरत होते, की एलानं त्यांच्यावरच आयत्या वेळी गाणं रचलं. तेही तबकडीवर आहे.

तर घ्यायचा कुठला? सुरुवात एलिंग्टनच्या १९९९ च्या दोन सीडींच्या संचानं करा. त्यात मैदानातलं सगळं आहेच, शिवाय सोमवारचं स्टुडिओतलं वादन वेगळं दिलंय. ‘जीप्स ब्लूज’ दोन्हीकडे लागोपाठ ऐकलंत की वर सांगितलेल्या खुणा पंधरा मिनिटांत कानात बसतील. ॲपवर शोधताना एकूण वेळ बघा: पाऊण तासाच्या आसपास असेल तर ती १९५६ चीच जुनी आवृत्ती, मग कव्हर कितीही नवं असो. दोन तासांहून जास्त असेल आणि सुरुवातीला अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजत असेल, तर हवा तो संच सापडला.