कुठल्या मुक्कामाला काय दुखतं

माऊलींच्या पालखीसोबत मी दिंडीतूनच चालते. खांद्याला एक पिशवी असते. तिच्यात १० आणि १५ सेंटिमीटर रुंदीची क्रेप बँडेज, कापडी चिकटपट्टी, शिंप्याची मोजपट्टी, दोन जुने टॉवेल आणि एक रिकामी प्लास्टिकची बाटली. फिजिओथेरपीला वारीत यंत्रं लागत नाहीत. लागतात हात, आणि कुठल्या मुक्कामाला काय दुखणार याचा अंदाज. शरीर बहुधा एका क्रमाने कुरकुरतं. पहिले दोन-तीन दिवस कातडं आणि स्नायू, मग कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे दोर, आठवडा उलटला की हाड. आणि पाय आता वाटेला सरावले असं वाटू लागतं, तेव्हा गुडघ्यात पाणी.

कारण साधं आहे. घरी दिवसाला दोन-तीन किलोमीटर चालणारा माणूस इथे एकदम पंधरा-वीस, काही दिवशी तीसही चालतो, आणि पंढरपूरपर्यंत जवळपास २५० किलोमीटर होतात. स्नायूला रक्त भरपूर, तो लवकर सावरतो. कंडरेला रक्त कमी, हाडाला तर नव्या भाराशी जुळवून घ्यायला आठवडे लागतात. वारीतली बरीच दुखणी वयाची नसतात, एकाएकी वाढलेल्या भाराची असतात. हे मी आग्रहाने लिहितेय, कारण ‘गुडघ्यातलं वंगण संपलंय, आता चालायचं नाही’ हे कुणीतरी सांगितलेलं मनात घेऊन दर वर्षी कितीतरी माऊली घाबरत घाबरत निघतात. गुडघ्याच्या झिजेवर व्यायाम आणि बेताचं चालणं हाच उपचाराचा पाया आहे. एक्स-रेमध्ये झीज किती दिसते आणि माणसाला दुखतं किती, याचा मेळ बऱ्याचदा बसत नाही.

पुण्यात पोहोचल्यावर रांग लागते ती फोडांची. नवी चप्पल हे पहिलं कारण, पावसात भिजलेलं कातडं हे दुसरं. जिथे नुसतं चुरचुरतं, तिथे फोड यायच्या आत कापडी पट्टी लावली तर काम भागतं. आलेला फोड फार ताणला असेल तर उकळून निर्जंतुक केलेल्या सुईने कडेला टोचून पाणी काढायचं, पण वरचं कातडं तसंच ठेवायचं. ते सोलून काढलं की पुढचे चार दिवस वाया.

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांब टप्पा, तीस किलोमीटरच्या आसपासचा. त्यात दिवे घाटाची चढण, आणि बहुतेक वर्षी त्या दिवशी एकादशी. उपवास, दमलेले पाय आणि चढ एकत्र आले की पोटऱ्यांत गोळे येणारच. गोळा आला की लोक पोटरीवर बुक्क्या मारतात. तसं करू नये. गुडघा सरळ करायचा, पायाची बोटं नडगीकडे ओढायची आणि तीस सेकंद तसंच धरायचं. गोळा सुटल्यावर लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी घोट घोट द्यायचं. चढावर घोटा नेहमीपेक्षा जास्त वाकतो, प्रत्येक पावलाला टाचेमागची कंडरा ताणली जाते. टाच नसलेली सपाट चप्पल असेल तर आणखीच. म्हणून घाट चढून वर आलं की बसायच्या आधी ट्रकच्या फाळक्याला दोन्ही हात टेकून उभं राहायचं. एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ, तीस सेकंद. मग तोच गुडघा किंचित वाकवून पुन्हा तीस सेकंद. सरळ गुडघ्याने पोटरीचा वरचा मोठा स्नायू ताणला जातो, वाकवला की खालचा. दोन्ही हवेत. प्रत्येक पायाला तीन-तीन वेळा.

सासवडला सहसा दोन रात्री मिळतात, आणि गुडघे निवांत बघायची हीच जागा. राहुटीच्या दाराशी सतरंजी टाकली की ‘माऊली, जरा बघता का’ म्हणत येतात त्यात बायका जास्त. पेरणी-खुरपणीत उकिडवं बसून बसून आधीच कंटाळलेले गुडघे. मी आधी दोन्ही गुडघे शेजारी शेजारी उघडे ठेवून बघते. वाटीच्या आतल्या बाजूला एक खळी असते. ती भरलेली दिसली, तळव्याने वर सारल्यावर रिकामी होऊन पुन्हा भरली, तर आत पाणी आहे. अशा गुडघ्याला जोरात चोळायचं नाही, गरम विटेने शेकायचंही नाही. ओल्या फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवायचा, पाय उशाला घेतलेल्या वळकटीवर उंच ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी अर्धी वाट गाडीत बसायचं. सूज नाही, नुसता सकाळी आखडलेला जुना गुडघा असेल तर शेक चालतो, वीस मिनिटांपर्यंत.

औषध म्हणून जे देते ते असं. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती गुडघ्याने खाली दाबा, मनात पाच मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. मग दुसरा गुडघा वाकवून हा पाय सरळ ठेवून वीतभर उचला, पाच मोजा, हळू खाली ठेवा. मांडीचा पुढचा स्नायू हाच गुडघ्याचा खरा आधार. तो थकला की पावलाचा धक्का थेट सांध्यावर येतो. विसाव्याला बसल्यावरही उठायच्या आधी दहा वेळा गुडघे सरळ-वाकडे करायचे. एकदम उठलं की पहिली दहा पावलं लंगडत जातात ती याच कारणाने. मांडी घालून जेवण्याऐवजी उपड्या बादलीवर बसावं. पंगतीत यात कमीपणा कुणी मानू नये.

आणि काठी. वारीत दहापैकी आठ जणांच्या हातात मला ती चुकीच्या बाजूला दिसते. उजवा गुडघा दुखतो म्हणून काठीही उजव्या हातात. ती डाव्या हातात हवी. उजव्या पायावर भार येतो तेव्हा डावा पाय हवेत असतो आणि शरीर तिकडे झुकू पाहतं. डाव्या हातातली काठी तो झोक सावरते, उजव्या गुडघ्यावरचं ओझं कमी होतं. काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे टाकायचे. उंची मोजायची ती हात सैल सोडून, मनगटाच्या वळीपाशी. मूठ तिथे आली की कोपर जरासं वाकलेलं राहतं. खांद्याएवढ्या उंच काठीवर हात टेकून चाललं की संध्याकाळी खांदा धरतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

तेलाने पाय चेपून देणारे सेवेकरी गावोगाव भेटतात. त्यांच्या हातांनी थकलेल्या पोटऱ्या मोकळ्या होतात, ही सेवा मोलाची आहे. पण एक गोष्ट त्यांनी तपासावी. दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर दिवसभर चालून, उभं राहून तसं होतं. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर हात लावू नये. मोजपट्टी त्यासाठीच असते. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर घ्यायचा. तीन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शंका धरायची आणि रुग्णवाहिकेत बसवायचं. घेरात फरक कमी असला तरी शंका वाटली तर डॉक्टरला दाखवायचं. दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर क्षणभरही थांबायचं नाही.

जेजुरी, वाल्हे ओलांडून नीरेवर येईपर्यंत टाचा बोलायला लागतात. पहाटे उठल्यावर पहिलं पाऊल टाकताच टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ, आणि चालायला लागलं की जरा कमी. ही तळव्याच्या पट्ट्याची सूज. उठायच्या आधी अंथरुणातच पायाची बोटं हाताने वर ओढून दहा सेकंद धरा, असं दहा वेळा. संध्याकाळी गार पाण्याची बाटली तळव्याखाली मागे-पुढे फिरवा. अनवाणी चालणाऱ्यांना हे दुखणं जास्त छळतं, आणि व्रत म्हणून चालणाऱ्याला चप्पल घाला म्हणणं मला जड जातं. मात्र मधुमेह असलेल्यांच्या बाबतीत मी ऐकत नाही. डोळे मिटायला सांगून अंगठा, मधलं बोट आणि करंगळीच्या टोकाला हलका स्पर्श करते, दोन्ही पायांना. सहापैकी दोन जागी कळलं नाही तर त्या पायांना खडा टोचलेला कळणार नाही. अनवाणी चालणं बंद, गरम पाण्याचा शेक बंद, रोज रात्री तळवे दुसऱ्याकडून बघून घ्यायचे.

लोणंद सोडल्यावर चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं. अश्व धावून गेले की माणसं टापांखालची माती कपाळी लावायला झेपावतात, फुगड्या रंगतात. त्या संध्याकाळी मुरगळलेले घोटे येतात. हाड मोडलंय का हे ठरवायला हात पुरतो. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची मागची कड आणि टोक, वर सहा सेंटिमीटरपर्यंत, दाबून बघायची. मग करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावरचं हाड आणि आतल्या कमानीवरचं हाड. यातलं काही दाबल्यावर दुखलं, किंवा चार पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. नाहीतर बँडेज. ते बोटांच्या मुळापासून सुरू करून आठाच्या आकड्यासारखं घोट्याभोवती वर न्यायचं, टाच झाकायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा यायला हवा. शेवटी अंगठ्याचं नख दाबून सोडायचं. दोन सेकंदांत लाली परतली नाही तर बँडेज आवळलंय, सोडून पुन्हा बांधायचं. फुगडीत गुडघा पिळला गेला आणि आता पूर्ण सरळच होत नाही, अडकतो, तर आतली गादी फाटून मध्ये आलेली असू शकते. तो ओढून सरळ करायच्या भानगडीत कुणी पडू नये.

फलटणनंतर मला काळजी असते ती हाडांची. नडगीच्या आतल्या कडेला चांगलं वीतभर लांब दुखत असेल तर ते स्नायूंच्या ताणाचं, चाल कमी केली की उतरतं. पण एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा, नडगीवर किंवा पावलाच्या वरच्या बाजूला, रोज थोडी जास्त दुखणारी, रात्रीही ठसठसणारी, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. तिथे सहनशक्तीचा उपयोग नाही, चालणं थांबवावंच लागतं. हे सांगताना समोरच्याचे डोळे भरून येतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. तरी सांगते.

रस्त्याचाही वाटा असतो. डांबरी रस्ता मध्ये उंच, कडेला उतरता. दिवसभर एकाच कडेने चाललं की एक पाय सतत खालच्या पातळीवर पडतो आणि गुडघ्याची बाहेरची बाजू धरते. रांग न मोडता जमेल तेव्हा बाजू बदलावी, निदान रस्त्याच्या मध्याकडे सरकावं.

दिंडीत ज्याच्या हातात जे, त्याचं दुखणं वेगळं. तुळशीवृंदावन डोक्यावर घेणाऱ्या माऊलींची मान आणि खांद्याचा वरचा स्नायू दगडासारखा होतो. अर्ध्या-पाऊण तासाने दुसरीच्या डोक्यावर द्यावं, आणि उतरवल्यावर हनुवटी सरळ मागे ओढून पाच सेकंद धरावी, दहा वेळा. पखवाज पुढे लटकतो म्हणून वाजवणारा कमरेतून मागे रेलतो, कंबर धरते. पट्टा रुंद हवा आणि पखवाज पोटाच्या जितका जवळ तितका बरा. टाळकऱ्यांना अंगठ्याच्या मुळाशी मनगटात कळ येते, ती पकड फार घट्ट असल्याने. दोरी बोटांना गुंडाळून टाळ सैल धरला की आवाजही मोकळा होतो.

गोळ्यांबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. मेडिकलमधून स्वतःच घेतलेली वेदनाशामक गोळी, अंगात पाणी कमी, वर रक्तदाबाची गोळी चालू, हे तिन्ही जुळून आलं की मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. दुखणं दाबून त्याच पायावर वीस किलोमीटर चालणं हा दुसरा तोटा. मी दुखण्याला दहापैकी आकडा द्यायला सांगते. चालताना चारपर्यंत आणि रात्रीच्या विश्रांतीनंतर सकाळी पुन्हा पहिल्यासारखं, तर चाला. सकाळी कालच्यापेक्षा जास्त, तर आज अंतर निम्मं.

वेळापूरच्या आधी धावा असतो. उतारावर सगळे पळतात, आणि उतार हाच गुडघ्याच्या वाटीचा शत्रू. मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावायचं काम करतो. दुखऱ्या गुडघ्याच्या माऊलींना मी कडेने, छोटी पावलं टाकत, गुडघे जरा वाकते ठेवून यायला सांगते.

वाखरीनंतर चालणं संपत येतं आणि उभं राहणं सुरू होतं. दर्शनरांगेत तासन्‌तास उभ्या पायांत रक्त साचतं. दर पाच मिनिटांनी टाचा पंधरा वेळा वर-खाली करायच्या, भार एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायचा, नी-कॅप रात्रभर घातलेली असेल तर काढायची. परतीच्या एसटीतही तासाभराने घोटे हलवायचे. घरी गेल्यावर आठवडाभर अंथरुण धरायचं नाही. पहिले दोन दिवस अंगणात फिरणं, मग दिवसाला तीन-चार किलोमीटर, आणि टॉवेल दाबायचा तो व्यायाम चालूच. पुढच्या ज्येष्ठात निघायचं असेल तर चैत्रापासून दर आठवड्याला थोडं थोडं अंतर वाढवत न्यायचं, ज्या चप्पलने वारी करायची तीच पायात घालून.