आपट्याचं पान, बन्नीचं पान

बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. आमच्याकडं निम्मी पोरं मराठी, निम्मी कानडी, दोघं-तिघं मुसलमान, आणि कामाची भाषा म्हणाल तर तिन्हींची मिसळ. इन्सर्ट म्हणजे लेथवर कापायचं पातं, ऑफसेट म्हणजे त्या पात्यासाठी मशीनला दिलेलं माप, गेज म्हणजे माप तपासायचं साधन, हे शब्द सगळ्यांचेच, त्यामुळं भाषेवरून काम कधी अडलं नव्हतं.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात अडलं. कुणीतरी व्हॉट्सअॅपला सीमाप्रश्नाचं एक स्टेटस ठेवलं, दुसऱ्यानं त्याला उत्तर म्हणून ठेवलं, आणि बघता बघता दोन गट पडले. भांडण मोठ्यानं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण इथं नुसता अबोला, डबे वेगळे, चहाला वेगळे, शिफ्ट बदलताना एकमेकाकडं बघायचं पण नाही. १९५६ पासूनचा प्रश्न, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो आमच्या लेथपाशी सुटणार नव्हता हे सगळ्यांना कळत होतं, पण बोलायला कोण तयार नाही.

मग एके दिवशी पहिल्या शिफ्टच्या पोरानं जाता जाता लेथचा इन्सर्ट बदलला, ऑफसेट बघायचा राहिला, आणि पुढचा शिफ्टवाला दुसऱ्या गटातला म्हणून त्याला ते न सांगता निघून गेला. एरवी दोन वाक्यांचं काम. दुसऱ्यानं तशीच मशीन चालू केली आणि गेज लावेपर्यंत चाळीस पीसचा बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठा झाला. बोअर लहान राहिला तर परत मारता येतो, मोठा झाला की ते भंगारच. त्या बिनमधले पीस बघून मला रात्री झोप आली नाही, कारण चूक कुणा एकाची नव्हतीच, चूक त्या न बोललेल्या दोन वाक्यांची होती.

ऑफिसनं मग एका शनिवारी कार्यक्रम ठेवला, थोडी कानडी गाणी, थोडी मराठी गाणी, नाष्टा. कानडी पोरं उजव्या बाजूला बसली, मराठी डाव्या बाजूला, टाळ्या पण आपापल्या गाण्याला. मला तेव्हाच वाटलं की ही तुमची संस्कृती ही आमची संस्कृती असं मांडून दाखवलं की माणूस आपल्याच बाजूला जाऊन बसतो. आधीपासूनच दोघांचं असलेलं काहीतरी पाहिजे.

ते खंडेनवमीला सापडलं. कानडीत आयुध पूजे म्हणतात, करायचं तेच. अबोल्यामुळं वर्गणी दोन गोळा व्हायला लागल्या होत्या, मी सरळ सांगितलं की मशीन एक आहे, दोन शिफ्टला चालते, तिची पूजा दोनदा होणार नाही, त्या मशीनवर दोन्ही शिफ्टला जे उभे राहतात त्या दोघांनी मिळून ती धुवायची. म्हणजे ज्यांचा चाळीस पीसवरून अबोला होता तेच दोघं एका लेथला! पहिला तासभर गप्प. चिप ट्रे ओढून काढला, स्लाइडखालची बुरशी खरवडली, एकानं डिझेलचा बोळा फिरवला दुसऱ्यानं कोरड्या फडक्यानं पुसलं, आणि मग झेंडूची माळ कुठून बांधायची यावरून वाद सुरू झाला. वाद झाला म्हणजे बोलणं झालं की! आमच्या वेल्डरनं, तो मुसलमान, नेहमीसारखा आपला सेट आपल्या हातानं चकचकीत करून ठेवला होता. एका मोबाईलवर भीमसेन जोशी लागले होते, आधी अभंग, पाठोपाठ कानडी संत पुरंदरदासांचं पद, दोन्हीकडं विठ्ठलच, आणि गाणारा माणूस कर्नाटकातल्या गदगचा. गाणं बदला असं कुणी म्हटलं नाही. कोहळा फोडला, चुरमुरे पेढे वाटले.

दसऱ्यानंतर कामावर आलो तेव्हा आमचे फिटर मामा, सौंदत्तीकडचे, रुमालात बन्नीची म्हणजे शमीची पानं घेऊन आले होते आणि प्रत्येकाच्या हातात ठेवून म्हणत होते, "बन्नी तगोरी, नावु नीवु बंगारदांग इरोणु." लेथवाल्या मराठी पोरानं खिशातून आपट्याचं पान काढलं आणि मामांच्या पाया पडून म्हणाला, "सोनं घ्या मामा, सोन्यासारखं राहा." झाड वेगळं, भाषा वेगळी, बोलणं शब्दाला शब्द तेच. शेजारी उभं राहून ऐकताना माझ्या डोळ्यात पाणी आलं, खरं सांगतो.

सीमाप्रश्नावर दोघांची मतं आजही जिथल्या तिथंच आहेत, ती त्यांनी बदलावीत असं मला वाटत पण नाही. मी फक्त एक केलं, शिफ्ट बदलताना दहा मिनिटं दोघांनी मशीनपाशी एकत्र उभं राहायचं, आधीचा गेला असं चालणार नाही.

त्यानंतर १ नोव्हेंबर आला. एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, एकीकडं सीमाप्रश्नावरून मराठी लोकांचा काळा दिवस, गावात दरवर्षीसारखाच ताण, आम्हाला सुट्टी. २ तारखेला सकाळी मी मुद्दाम लवकर गेलो, पोटात गोळाच होता. लेथपाशी तेच दोघं उभे होते.

"नाष्टा आतेनरी?" कानडी पोरगा विचारत होता.

"झाला की. इन्सर्ट नवीन लावलाय बघ, पहिला पीस मोजूनच पुढं जा."

त्यानं गेज उचलला.