टापा, यमक आणि पाचपैकी तीन

‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ ही इंग्रज कवी टेनिसनची, तोफांवर चालून गेलेल्या सहाशे ब्रिटिश घोडेस्वारांवरची कविता. परीक्षेत तिच्यातलं वृत्त, यमक आणि पुनरुक्ती विचारली की उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातली बहुतेक उत्तरं एका साच्यातली निघतात: वृत्त घोड्यांच्या टापांसारखं, पुनरुक्तीने जोर येतो. गाइडची कृपा. आदर्श उत्तरातही तेवढंच असतं, म्हणून पेपर भराभर उरकतात.

त्या दिवशी एक उत्तर वेगळं निघालं. कवितेच्या सुरुवातीच्या ‘हाफ अ लीग’खाली आघाताच्या खुणा केलेल्या: एक जड, दोन हलकी अक्षरं. डॅक्टिल. शेजारी लिहिलेलं, ‘आपला भगण’. (भगण म्हणजे एक गुरू, दोन लघु; इंग्रजीत आघात मोजतात, लघु-गुरू नव्हे. पण कान बरोबर होता.) पुढे थेट सवाल: क्रिमियातल्या बालाक्लावाच्या दरीत जाताना तोफा समोर, परतताना मागे. मधल्या काळात घोडे पडले, स्वार पडले. तरी टापा त्याच चालीत कशा? मेलेल्यांची दखल वृत्त घेत नाही, पालुपद घेतं. पहिल्या तीन कडव्यांच्या शेवटी सहाशे दौडतात, चौथ्यात आधी ‘नॉट’ येतं, पाचव्यात ‘लेफ्ट ऑफ’, म्हणजे सहाशेंतले उरलेले.

मी पाचपैकी पाच दिले. तपासलेले पेपर पुन्हा पाहणाऱ्या मॉडरेटरने तीन केले. “आदर्श उत्तरात हे नाही.” हे गृहस्थ उत्तर वाचत नाहीत, जुळवतात. पण दुसरा आक्षेप खरा होता: यमकावर अक्षरही नव्हतं.

आणि यमकातच तर सगळं आहे! ‘हंड्रेड’शी ‘ब्लंडर्ड’ जुळतं, म्हणजे सहाशेंचा आकडा आला की कुणाची तरी घोडचूक कानात वाजते. हल्ला 25 ऑक्टोबर 1854 चा. टेनिसनने तो वर्तमानपत्रात वाचला आणि 9 डिसेंबरला कविता छापून आली. 1855 च्या संग्रहात त्याने ‘ब्लंडर्ड’ची ती ओळ गाळली. पुढे त्याच वर्षी क्रिमियातल्या सैनिकांसाठी प्रती छापताना मात्र परत घातली. हे सगळं मी मॉडरेटरला ऐकवलं. गुण तीनच राहिले.

मला अजून अडतं ते निराळंच. सहाव्या कडव्यात कवी ‘नोबल’ म्हणत अख्खे सहाशे पुन्हा उभे करतो, आणि या मुलाचा युक्तिवाद तिथे लंगडा पडतो. उत्तर पाचव्या कडव्यावरच संपलं होतं. सहावं त्याने मुद्दाम टाळलं की वेळ संपली, हे पेपरवरून कळत नाही.