परत आलेलं ब्लँकेट

चर्चच्या मदत केंद्राचं स्टोअर माझ्याकडे आहे. नाताळच्या आधीचे पंधरा दिवस नुसतं सॉर्टिंग चालतं. लोकांना वाटतं पिशव्या आल्या की वाटल्या, झालं. पण प्रत्येक चेन वरखाली करून बघायची, इलॅस्टिक ताणायचं, स्वेटर उजेडात धरायचा म्हणजे कसर लागलेली भोकं दिसतात, खिसे उलटे करायचे, बुटांची जोडी लेसनेच एकमेकांना बांधायची नाहीतर वाटताना डावा एकीकडे आणि उजवा भलतीकडे. ब्लँकेट तर मी नाकाने तपासते, ओलसर असताना घडी घातलेलं असलं की दिसायला कितीही नवं असो, वास लपत नाही. आणि स्पष्टच बोलते, बरेच जण दान करत नाहीत, कपाट रिकामं करतात. एकच बूट कोण देतं हो?

तर 24 ची संध्याकाळ. कुलूप हातात, उपासनेला उशीर होतोय, आणि एक बाई दारात. ओळखीच्या, आमच्याकडून दर महिन्याला शिधा नेणाऱ्या. हातात आम्हीच आठवड्यापूर्वी दिलेलं ब्लँकेट. मी बोलूनच गेले, "काकू, बदलून मिळत नाही हां, सगळं संपलंय." त्या म्हणाल्या, "बदलायला नाही आले गं. बहिणीने एक पाठवलंय मला, दोन काय करू? धुऊन आणलंय, कोणाला तरी दे."

घडी उघडली. नाक लावायची गरजच नव्हती, साबणाचा वास होता आणि उसवलेली कड बारीक टाक्यांनी शिवलेली. उसवलेली कड. म्हणजे ती मी तशीच जाऊ दिली होती.

आता हे लिहायचं कुठे? आमच्याकडे दोन रजिस्टरं, देणारे आणि घेणारे. परत आलेल्या मालाला रकानाच नाही. मी त्यांचं नाव देणाऱ्यांत लिहिलं. कमिटीतल्या एकांनी दोन दिवसांनी ते पाहिलं आणि विचारलं, "ही डबल एंट्री झाली का? ही बाई तर घेणाऱ्यांत आहे." चूक त्यांचीही नाही म्हणा, वाटपाचे फोटो काढण्यातच त्यांचा सगळा नाताळ जातो.

24 च्याच रात्री उपासनेत नेहमीचंच वाचन, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, येशूच्या जन्माचा, उतारशाळेत जागा नाही, गव्हाणी, मेंढपाळ. वाचन 20 व्या वचनाला थांबलं. घरी येऊन मी पुढे वाचत गेले आणि 24 व्या वचनाला अडकले. बाळ येशूला घेऊन त्याचे आईवडील, मरीया आणि योसेफ, यरुशलेमच्या मंदिरात जातात, तिथे अर्पण काय, तर होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिल्लं. बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या 12 व्या अध्यायात नियम आहे, बाळंतिणीने कोकरू आणायचं, ऐपत नसेल तर दोन पक्षी. म्हणजे ही गरिबांची सवलत होती, आणि सवलतीतसुद्धा "तू गरीब आहेस, तू राहू दे" असं नाही म्हटलेलं. द्यायचंच, फक्त पक्षी. इतक्या वर्षांत नाताळच्या प्रवचनात मरीया-योसेफ गरीब होते हे शंभरदा ऐकलं, पण ते देणारे होते असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. आणि आमच्या रजिस्टरात त्यांना कुठे लिहिलं असतं देव जाणे.

ब्लँकेट त्याच रात्री गेलं, गेटवरच, एका म्हाताऱ्या माणसाला. तेही रजिस्टरात चढवायचं राहून गेलं.

देणाऱ्यांना आम्ही आभाराचं छापील कार्ड पाठवतो, त्यावर "तुमच्यामुळे एका गरजू कुटुंबाचा नाताळ उबदार झाला" असं असतं. यादीत नाव होतं म्हणून काकूंचंही कार्ड निघालं. मी ते पाठवलं नाही. जानेवारीत त्या शिध्याला आल्या, सहीसाठी मी घेणाऱ्यांचंच रजिस्टर पुढे केलं, त्यांनी नेहमीसारखी सही केली. कार्ड अजून ड्रॉवरमध्ये आहे.