गच्चीवरची हळद

मागच्या मे महिन्यात इथल्या, वडोदऱ्याच्या खंडेराव मार्केटमधून हळदीचे डोळे फुटलेले चार गड्डे आणले आणि गच्चीवर दोन मोठ्या ग्रो बॅगमध्ये दोन इंच खोल पुरले, माती भुसभुशीत हवी म्हणून निम्मं शेणखत घातलं. महिनाभर काहीच दिसेना, आई म्हणाली धीर धर, आणि मग पहिल्या पावसानंतर एकदम हिरवी सुरळी वर आली, इतका आनंद झाला की विचारू नका!

हळदीला सात ते नऊ महिने लागतात, मधे उकरून बघू नका. पाणी साचलं की कंद कुजतो, माझी एक बॅग तशीच गेली, खूप वाईट वाटलं. पानं मात्र वाया घालवायची नाहीत, नागपंचमीला त्यात पातोळ्या केल्या, वाफ निघाली तेव्हा घरभर जो वास सुटला ना, आजीच्या कोकणातल्या घराची आठवण आली.

जानेवारीत पानं पिवळी पडून वाळली तेव्हा काढली. इकडे वडोदऱ्यात थंडीत लीली हळदर, म्हणजे ओली हळद, लिंबू-मीठ लावून जेवणात खातात, आम्हीही तशीच बरणी भरली. दुधात किसून घालते तेव्हा चिमूटभर मिरपूड टाकतेच, कारण मिऱ्यातल्या पिपेरीनमुळे हळदीतलं कर्क्युमिन अंगी जास्त लागतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर औषध म्हणून जास्त घेण्याआधी डॉक्टरांना नक्की विचारा. आणि दोन जाड गड्डे मी यंदाच्या बियाण्यासाठी कोरड्या वाळूत ठेवलेत.